आयरिश चाली आणि परका वादक

शिकागो शहराच्या पोलीस खात्याची मुखत्यारी 1901 ते 1905 या काळात ज्याच्या हाती होती, तो फ्रान्सिस ओनील हा गृहस्थ आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेला, पोरवयातच घर सोडून खलाशी झालेला आणि देशोदेशींची बंदरे पाहून अखेर अमेरिकेत स्थिरावलेला असा होता. आणि खात्याच्या दगदगीतून उरलेल्या वेळात त्याने जो उद्योग आरंभला, त्यामुळे आज त्याचे नाव पोलिसांच्या दप्तरापेक्षा संगीताच्या इतिहासातच अधिक आदराने घेतले जाते. शिकागोत वस्तीस आलेल्या आयरिश मंडळींपाशी नृत्याच्या ज्या चाली होत्या, त्या त्याने एकेक करून जमा केल्या. त्याला स्वतःला स्वरलेखन अवगत नव्हते; ऐकलेली चाल तो वाजवून दाखवी आणि त्याच्याच खात्यातील जेम्स ओनील नावाचा अंमलदार ती कागदावर उतरवी. या जोडीच्या परिश्रमातून 1903 साली 1850 चालींचा आणि 1907 साली केवळ नृत्याच्या 1001 चालींचा, असे दोन संग्रह सिद्ध झाले. पैकी दुसरा तर खुद्द आयर्लंडातील वादकांच्या घरी इतका रुळला की त्याचा निर्देश ‘ते पुस्तक’ एवढ्यानेच होऊ लागला.

हे पुस्तक आज कोणालाही मिळते, आणि परक्या शिकाऊची पंचाईत तेथूनच सुरू होते. बर्लिनचा किंवा तोक्योचा एखादा शिक्षित व्हायोलिनवादक ते उघडतो, तेव्हा त्यातील मजकूर त्याला बालबोध वाटतो. बहुतेक चालींचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, प्रत्येकाची एकवार पुनरावृत्ती, म्हणजे एकूण बत्तीस खंड झाले की चाल पुन्हा पहिल्यापासून. रील म्हटली की एका खंडात आठ समान स्वर, जिग म्हटली की तिनाचे दोन गट, स्लिप जिग म्हटली की तेच तीन गट. घटकाभरात तो चाल बिनचूक वाजवू लागतो. पण त्या वाजवण्यावर क्लेअर परगण्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा पाय उचलला जाण्याची सुतराम शक्यता नसते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकावरून, गुरूचे तोंड न पाहता, बंदिश गाऊ पाहणाऱ्याचे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

कागदावर जे आठ स्वर समान दिसतात, ते प्रत्यक्षात समान नसतात. काही किंचित लांबतात, काही आखडतात, काहींवर गजाचा किंवा श्वासाचा दाब येतो. आणि ही विषमता किती, हे कोणत्याही लिपीत नेमके बसत नाही, कारण ती गावागणिक, किंबहुना वादकागणिक बदलते. अलंकारांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘कट’ म्हणजे वरच्या स्वराचा असा निमिषमात्र स्पर्श की त्याचा स्वर म्हणून बोधच होऊ नये, दोन स्वरांमध्ये केवळ एक छेद पडावा. ‘रोल’मध्ये मूळ स्वर, वरून छेद, पुन्हा मूळ स्वर, खालून टिचकी आणि पुन्हा मूळ स्वर, असा सगळा व्यवहार दीड मात्रेत उरकावा लागतो. परका शिकाऊ या पाचही स्वरांचा स्पष्ट उच्चार करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतो, आणि त्या प्रामाणिकपणानेच घात होतो. अभिजात पाश्चात्त्य शिक्षणात अंगवळणी पडलेला, स्वराला सतत कंप देण्याचा संस्कार येथे बहुतांशी गैरलागू असतो, आणि तो पुसून टाकणे हे नवे काही शिकण्यापेक्षा कठीण.

शिवाय ‘आयरिश शैली’ म्हणून एकच एक शैली नाही. उत्तरेकडील डोनेगॉलचे फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) गजाचे आखूड, सुटे, वेगवान आघात करतात. स्लायगोचे वादन अलंकारांनी नटलेले आणि उसळते. क्लेअरच्या पूर्व भागातली लय संथ आणि काहीशी उदास. आणि कॉर्क व केरी यांच्या सीमेवरील स्लीव लूखरा या मुलखात पोल्का आणि स्लाइड या चालींचे राज्य. त्या मुलखात पाड्रिग ओकीफ (1887–1963) हा शिक्षक गावोगाव हिंडून फिडल शिकवी, आणि शिष्यांसाठी स्वतःच योजलेल्या, तारा व बोटे दाखवणाऱ्या चिन्हांत चाली लिहून देई. कागदाचा आयरिश परंपरेस सर्वस्वी विटाळ होता असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र ती टिपणे ज्याने चाल आधी गुरूकडून ऐकली आहे त्याच्यासाठी होती.

या संगीताचे मूळ स्थान शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात आणि चव्हाट्यावरच्या नाचात होते. 1935 साली आयरिश सरकारने सार्वजनिक नृत्यासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा करणारा कायदा केला; पाद्र्यांनी आणि पोलिसांनी त्याचा अंमल घरगुती नाचांवरही बजावला, आणि अनेक ठिकाणी ते मोडीत निघाले. पुढे कामधंद्यासाठी लंडनसारख्या शहरांत गेलेले आयरिश मजूर मद्यगृहांत एकत्र बसून वाजवू लागले, आणि आज ज्याला ‘सेशन’ म्हणतात, ती नर्तकांवाचूनची वादकांची बैठक शतकाच्या मध्यास अशी रूढ झाली. म्हणजे जी बैठक पाहून पाहुण्यास हजार वर्षांच्या परंपरेचा साक्षात्कार होतो, ती स्वतः फार तर आजोबांच्या पिढीची आहे.

या बैठकीस लेखी नियम नाहीत, पण दस्तूर कडक आहेत. वादक गोलाकार बसतात आणि त्यांची तोंडे श्रोत्यांकडे नसून एकमेकांकडे असतात. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना ती येते ते सामील होतात. ती दोनतीनदा झाली की क्षणाचीही उसंत न घेता दुसरी लागते. ज्याला चाल येत नाही त्याने वाद्य मांडीवर ठेवावे आणि ऐकावे. चाचपडत सूर लावीत राहणे हा असभ्यपणा समजला जातो. बोरॉन नावाचे चर्मवाद्य एका वेळी एकानेच वाजवावे, असा संकेत आहे. परका मनुष्य मात्र ते सोपे समजून हटकून तेच उचलतो. आमच्या मते या संकेतांत उद्धटपणा नाही. येथे कोणी कोणाचे मनोरंजन करीत नसल्याने श्रोत्यास देण्याजोगी सवलत अनोळखी वादकास देता येत नाही, इतकेच.

आणि तरीही ही परंपरा परक्यांना बंद आहे असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. बँजो अमेरिकेतून आला, कॉन्सर्टिना इंग्लंडातून, आणि ग्रीकांचे बुझुकी तर 1960 नंतरच्या दशकात जॉनी मॉयनिहान याने आणले. आज त्यांवाचून बैठकी ओळखू येणार नाहीत. खुद्द आयरिश माणसेही आपले संगीत परदेशातून शिकली आहेत. स्लायगोचा मायकेल कोलमन 1914 साली अमेरिकेस गेला. 1920 नंतर न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिका बोटींतून मायदेशी पोहोचल्या, आणि दूरदूरच्या खेड्यांतील तरुण आपल्या शेजाऱ्याची ढब टाकून ग्रामोफोनमधील कोलमनची ढब गिरवू लागले. तेव्हा वाद्याला येथे मज्जाव नाही, माणसाला नाही, यंत्रालाही नाही. मज्जाव आहे तो फक्त बेगडी लयीला.

मग परक्याने आरंभ कोठून करावा? इलिन पाइप या बगलेतील भात्याने हवा भरावयाच्या वाद्यापासून करू नये, हे उघड आहे. त्यास सात वर्षे शिकण्यात, सात सरावात आणि सात वाजवण्यात जावी लागतात, असे तेथील वादकच म्हणतात. 2017 साली युनेस्कोने या वादनकलेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याने मुदत कमी झालेली नाही. त्याऐवजी डी स्वरातील टिन व्हिसल घ्यावी. ती स्वस्त आहे, तिला सहाच भोके आहेत, आणि बहुतेक चाली डी व जी याच दोन स्वरांच्या कक्षेत असल्याने तिच्यावर सहज बसतात. एखादा प्रदेश, शक्य तर एखादाच वादक निवडावा, त्याची एक चाल मुखोद्गत होऊन चालताना पावलांत येईपर्यंत ऐकावी, आणि वाद्य त्यानंतर ओठांशी न्यावे. पुस्तक उघडावयाचेच झाले तर विसरलेला तुकडा आठवण्यापुरते. सोबत हवी असेल तर 1951 साली स्थापन झालेल्या कोल्तस या संस्थेच्या शाखा आयर्लंडाबाहेरही अनेक देशांत आहेत. आणि ज्यास प्रवास परवडेल त्याने क्लेअरमधील मिल्टाउन मालबे या लहानशा गावी जावे. पाइपवादक विली क्लॅन्सी याच्या स्मरणार्थ 1973 पासून तेथे दर जुलैच्या आरंभी आठवडाभराची शाळा भरते, सकाळी वर्ग होतात, आणि संध्याकाळी गावातील मद्यगृहांतून बैठकी चालतात.