मूळ प्रत जपताना

धाराशिव शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर, बालाघाटाच्या डोंगरात कोरलेली लेणी जैन वाचकांस अपरिचित नाहीत. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरच्या परिसरातील लेण्यांचे आणि तेथील पार्श्वनाथ प्रतिमेचे वर्णन आले आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले हे काव्य १९३४ मध्ये कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १८७८ च्या अहवालात जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची नोंद केली होती. ती मुळात कोणत्या संप्रदायाची, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. असे वाद बहुधा बारीकसारीक खुणांवर येऊन ठेपतात: मस्तकावरील फण्यांची संख्या, आसनावरील झिजलेले लांछन, कोपऱ्यातील अर्धवट अक्षर. दूरच्या अभ्यासकाला या खुणा दिसतात त्या छायाचित्रातूनच. म्हणून छायाचित्रकार संगणकासमोर बसून काय करतो, हा केवळ त्याच्या धंद्यातला प्रश्न राहत नाही.

जिल्ह्यातील छायाचित्रकाराचे पोट भरते ते लग्नसराईवर. त्याच्या जोडीला वास्तुशांती, शाळांची संमेलने, एखादा पंचकल्याणक महोत्सव. त्यातून हाताला जी सवय लागते ती चेहरे नितळ करण्याची, आकाश निळे करण्याची, चौकटीत आलेली विजेची तार पुसून टाकण्याची. वधूच्या गालावरील पुटकुळी पुसली तर कुणाची तक्रार नसते. तोच हात, तेच सॉफ्टवेअर जेव्हा लेण्यात किंवा जिनमंदिराच्या गाभाऱ्यात येते, तेव्हा मात्र ही सवय सावधपणे बाहेर ठेवावी लागते.

लेण्यातील काम प्रकाशापासून सुरू होते. सुमारे ८० फूट चौरस मंडपाच्या दाराशी लख्ख ऊन आणि आतल्या गर्भगृहात काळोख असे असता डोळा दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते एका चित्रात जमत नाही. अशा वेळी तिपाई लावून, काही सेकंदांचा प्रकाशनकाळ देऊन, एकाच चौकटीची कमीअधिक प्रकाशाची तीन किंवा पाच चित्रे घेतात आणि ती पुढे संगणकावर एकत्र करतात. संरक्षित स्मारकात तिपाई व कृत्रिम दिव्यांसाठी संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी, हे ओघाने आलेच. समोरून टाकलेल्या झगझगीत प्रकाशात झिजलेले कोरीव काम सपाट दिसते. दिवा बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर धरला तर पुसट लांछनही सावलीच्या रेषेने उठून येते. पहिल्या चित्रात रंगांच्या २४ चौकटींचे कार्ड आणि मोजपट्टी ठेवली की दगडाचा खरा रंग व आकार नंतर ताडून पाहता येतो.

चित्र ‘रॉ’ स्वरूपातच घ्यावे, असा आग्रह जाणकार धरतात. त्याचे कारण साध्या हिशेबात सांगता येते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीच्या १६,३८४ पायऱ्या नोंदवता येतात. नेहमीच्या जेपीईजीमध्ये त्या अवघ्या २५६. काळोखातील फणा उजळून पाहायची तर ही शिल्लक कामी येते.

लाइटरूम, किंवा विनामूल्य मिळणारे डार्कटेबल, यांसारख्या सॉफ्टवेअरचा एक गुण जुन्या लेखनिकांना आवडला असता. ही साधने मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत. उजेड वाढवला, रंग सुधारला, कड छाटली, तर त्या सूचना वेगळ्या टिपणात साठतात आणि केव्हाही मागे घेता येतात. पोथीच्या समासात दुरुस्ती लिहावी आणि मूळ ओळ तशीच ठेवावी, तसा हा प्रकार. याउलट फोटोशॉपमध्ये चित्रावरच दुरुस्ती करून ती त्याच नावाने साठवली, की जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावत, तसे होते. खालचे अक्षर गेले ते गेले.

खरा धोका मात्र आणखी पुढचा आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये रिकामी जागा आपोआप भरून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आले. तुटलेला भाग निवडावा आणि संगणकाने तो क्षणात ‘पूर्ण’ करावा! संगणकाला प्रतिमाशास्त्र ठाऊक नसते. असंख्य चित्रे पाहून जे संभवते ते तो रेखाटतो. जे त्या दगडावर होते ते नव्हे. पार्श्वनाथांच्या मस्तकी बहुधा सात फणे असतात, सुपार्श्वनाथांच्या मस्तकी बहुधा पाच. भंगलेल्या छत्रात संगणकाने दोन फणे कमीअधिक केले, तर तीर्थंकरांची ओळखच बदलू शकते. चित्रातील दाणेदारपणा घालवणाऱ्या साधनांचेही तसेच. गालाची त्वचा मऊ करणारी ती प्रक्रिया शिलालेखातील पुसट काना, मात्रा आणि अनुस्वार सहज गिळते.

दर्शनासाठी भिंतीवर लावायचे चित्र देखणे केले तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु नोंदीचे चित्र आणि दर्शनाचे चित्र यांचे कप्पे वेगळे हवेत, आणि दुसऱ्यावर ‘सुधारित’ अशी स्पष्ट खूण हवी. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच होत नाही. स्मरणिकेसाठी उजळलेले चित्र फिरत फिरत एखाद्या ग्रंथात पुरावा म्हणून जाऊन बसते.

नावे आणि नोंदी हा कंटाळवाणा भाग. पण खरी कमाई तिथेच आहे. ‘डीएससी ००४७’ या नावाच्या फाइलला दहा वर्षांनी कोणी ओळखत नाही. मंदिर, गाव, प्रतिमा, तिचा धातू वा पाषाण, उंची, लेखातील संवत्, चित्र घेतल्याची तारीख ही माहिती चित्राच्या आतच लिहून ठेवण्याची सोय आज प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. शहा जीवराज पापडीवाल यांनी संवत् १५४८ मध्ये भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते प्रतिष्ठित करवलेल्या प्रतिमा देशभरातील अनेक मंदिरांत आढळतात. प्रत्येक गावच्या छायाचित्रकाराने तो संवत् चित्रात नोंदवला, तर त्या सर्व एका शोधात समोर येतील. मात्र नोंद युनिकोड देवनागरीतच हवी. जुन्या फाँटमध्ये टंकलेली ओळ दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हांची रांगोळी होते. विक्रम संवत् आणि शक यांत १३५ वर्षांचे अंतर असते, म्हणून लेखातील आकडा कोणत्या गणनेचा आहे, तेही लिहावे.

जपणुकीचा विषय निघाला की राजा दीनदयाळ यांची आठवण होते. १८४४ मध्ये मीरतजवळील सरधना येथे जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या जैन कुटुंबात जन्मलेले दीनदयाळ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ ही पदवीही निजामाचीच. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात मोडत होता. १९०५ मध्ये दीनदयाळ निवर्तले, पण त्यांच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. काचेच्या त्या जड, ठिसूळ पट्ट्या शतक ओलांडून टिकल्या. आजचा हार्ड डिस्कचा डबा मात्र एखाद्या उन्हाळ्यात हातातून निसटला की दहा वर्षांचे काम नाहीसे होते.

या जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूरच्या परिसरात भूकंपाने घरे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली, आणि त्यांच्या तसबिरीही त्याच ढिगाऱ्यात गेल्या. म्हणूनच व्यवसायात ‘तीन-दोन-एक’ हा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या कपाटातली एक डिस्कही त्यासाठी पुरेशी असते. प्रती शाबूत आहेत की नाही, हे ‘चेकसम’ने कळते. फाइलमधील सर्व आकड्यांवरून काढलेली ती खूणसंख्या एक बिंदू बदलला तरी बदलते. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजन करताना म्हणा, ती ताडून पाहावी.

भूम तालुक्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांनी ८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी मराठीत केलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला होता. तो आजही ऐकता येतो, कारण कोणी ना कोणी त्याच्या प्रती काढत राहिले.

मंदिराच्या विश्वस्तांनी छायाचित्रकाराला काम देतानाच मूळ रॉ फाइली, तयार चित्रे आणि केलेल्या बदलांचे टिपण अशा तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि त्याच्या आतील नोंदीही गळून जातात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर आहे तसा पोहोचतो.