संगणकाला पाणी पाजताना

पाणी म्हणजे थंडावा, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की तिची उलटतपासणी करावी असे कुणाला सुचतच नाही. माठातले पाणी गार, वाळ्याच्या पडद्यातून येणारा वारा गार, अंगणात सडा टाकला की संध्याकाळ गार. त्यामुळे संगणकही पाण्याने थंड ठेवता येतो असे ऐकले, की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एक लहानसा माठच! आणि पहिला घोटाळा होतो तो इथेच.

माठ गार होतो तो त्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि उडून जाते म्हणून. जाताना ते उष्णता बरोबर घेऊन जाते. संगणकातले पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरत असते. त्यातला थेंबही उडून जायचा नसतो. म्हणजे हे पाणी थंडावा निर्माण करीत नाही, ते नुसती हमाली करते. उष्णता जिथे तयार होते तिथून ती उचलायची आणि जिथे हवेत सोडता येईल तिथे नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. मोटारीच्या इंजिनाभोवती फिरलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने निवते, तोच हा प्रकार. अर्थात हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. ही गोष्ट मनात पक्की बसली, की सामानाची निम्मी निवड झाली असे खुशाल समजावे.

माझा एक भाचा नागपूरला असतो. वास्तुशिल्पकारांनी आखलेली इमारत उभी राहण्यापूर्वीच ती हुबेहूब चित्रात दाखवायची, हा त्याचा व्यवसाय. अशी चित्रे रचताना संगणक रात्ररात्र राबतो. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की सकाळपर्यंत पुरे व्हायचे काम दुपारपर्यंत रेंगाळू लागे. कारण आजचा प्रोसेसर शहाणा असतो. फार तापला की जळून जाण्याऐवजी तो आपला वेग आपणच कमी करतो. कॅबिनेटमधली धूळ काढून झाली, पंखे बदलून झाले, तरी फरक पडेना. दोन गिऱ्हाइकांच्या मुदती चुकल्या आणि तिसरे दुसऱ्याच्या दारी गेले. तेव्हा दुचाकीसाठी साठवलेले पैसे या कामी लावायचे त्याने ठरवले आणि सामानाची यादी माझ्यापुढे ठेवली. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यातले काय कळणार, असे आपण म्हणाल. पण माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा घरातला एकमेव मनुष्य मीच, हे त्याला ठाऊक होते!

त्याच्या यादीत सर्वांत वर होता एक लखलखीत ब्लॉक, त्याखाली काचेसारख्या सरळ नळ्या, मग रंगीत पाणी. आणि रेडिएटर व पंखे अगदी तळाला, "जे उरतील त्या पैशात". मी ती यादी खालून वर वाचायला सांगितली. घर बांधताना मोरीचे पाणी कुठे जाणार हे आधी ठरवतात, मग दिवाणखान्याच्या रंगाचा विचार करतात. इथेही उष्णता शेवटी जिथे सोडायची ते ठिकाण आधी निवडले पाहिजे.

त्यासाठी प्रथम हिशेब. त्याच्या संगणकातला रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर नावाला १७० वॅटचा. पण पूर्ण जोरात असताना तो २३० वॅटपर्यंत वीज घेतो. आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड ३२० वॅटचे. बेरीज ५५० वॅट. आत गेलेली ही वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. आता रेडिएटर पंख्यांच्या मापाने मोजतात: १२० मिलिमीटरचा एक पंखा बसेल तो एक खण. तीन खणांचा तो ३६०, दोन खणांचा २४०. खणामागे साधारण १०० वॅट धरले, तर पंखे फार न किंचाळता पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहते, असा ठोकताळा आहे. म्हणून एक ३६० आणि एक २४० असे पाच खण आम्ही घेतले. खोली ३६ अंशांवर असेल, तर पाणी ४६ च्या आसपास. माठ डोळ्यांपुढे ठेवणाऱ्याला हा आकडा ऐकून धक्का बसेल; पण प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची असते, तिच्या मानाने हे पाणी गारच म्हणायचे.

मग कॅबिनेट. साधा रेडिएटर ३० मिलिमीटर जाड आणि त्यावरचा पंखा २५. म्हणजे ५५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. कागदावर बसणारी वस्तू पेटीत बसेलच असे नाही, म्हणून मोजपट्टी घेऊन पाहावे. पंखेही नुसता वारा घालणारे नकोत. रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा रेटून काढणारे हवेत.

ब्लॉक म्हणजे तापणाऱ्या चिपवर बसणारी तांब्याची पाटी. तिच्या आतल्या केसासारख्या बारीक चिरांतून पाणी वाहते. प्रोसेसरचा ब्लॉक घेताना तो आपल्या मदरबोर्डाच्या सॉकेटला बसतो की नाही, एवढे पाहिले की भागते. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. एकाच चिपची कार्डे निरनिराळे कारखानदार निरनिराळ्या मांडणीने बनवतात, त्यामुळे ब्लॉक नेमक्या त्याच कार्डासाठी बनवलेला हवा. कार्ड उघडल्याने हमी रद्द होते का, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणि धातूंची जात पाहावी! लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगडीवरचे आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. पुढे व्होल्टाने दाखवून दिले की दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी एवढ्यावर वीज निर्माण होते. तोच खेळ आपल्या नळ्यांत सुरू झाला, तर दुबळा धातू झिजत जातो. तांबे, पितळ आणि निकेलची कल्हई यांचे एकमेकांशी बरे जमते; त्यांच्यात ॲल्युमिनियम मात्र येऊ देऊ नये. स्वस्तातल्या कित्येक रेडिएटरांत नेमके तेच असते.

पंपांत डी-५ आणि डीडीसी ही दोन घराणी प्रसिद्ध आहेत. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने टाकी आणि पंप एकत्र जोडलेला संच घ्यावा. पंपाचे वंगण म्हणजे त्यातले पाणीच. तो कोरडा फिरला की बिघडलाच. म्हणून टाकी नेहमी पंपाच्या वर. पाणी आधी कुठे जावे, प्रोसेसरकडे की कार्डाकडे, यावर तरुण मंडळी फार वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ५५० वॅट उष्णता घेऊन ते जेमतेम दोन अंशांनी तापते. तेव्हा जो क्रम नळ्यांना सोपा, तोच चांगला.

सरळ कडक नळ्या दिसायला देखण्या. पण त्या तापवून अचूक वाकवाव्या लागतात. प्रथम रबरी मऊ नळीच घ्यावी. नळीची आतली-बाहेरची मापे आणि फिटिंगची मापे तंतोतंत जुळावीत: १०/१६ ची नळी असेल, तर फिटिंगही १०/१६ चेच. फिटिंगच्या आट्यांना "पाव इंची" म्हणतात आणि प्रत्यक्षात त्यांचा व्यास भरतो सुमारे १३ मिलिमीटर! शब्दांवर पोट भरणाऱ्या मला या नावाची मोठी गंमत वाटली. पण पट्टीने पाव इंच मोजून फिटिंग आणणाऱ्याला ती वाटणार नाही. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि टाकी मिळून दहा जोड झाले. शिवाय तळाशी पाणी काढून टाकण्यासाठी एक झडप हवीच, नाही तर पुढे पाणी बदलताना संगणक उलटा धरावा लागेल.

पाणी नळाचे नको. तयार शीतक द्रव घ्यावा, नाही तर ऊर्ध्वपातित पाण्यात शेवाळ आणि गंज रोखणारे औषध घालावे. दुधाळ रंगांचे द्रव कालांतराने ब्लॉकच्या चिरांत गाळ धरतात. वर्षाकाठी पाणी बदलावे हे बरे.

"अरे, ओल्या हाताने बटणाला हात लावू नका म्हणून मी जन्मभर ओरडले, आणि आता तुम्ही यंत्रातच पाणी ओतताय?" असे अक्का म्हणाली, त्याला उत्तर एकच होते: परीक्षा. दीडेक लाखाचे यंत्र आणि त्यावर चालणारे त्याचे पोट, दोन्ही त्या दहा जोडांवर टांगलेले. बाकी साऱ्या यंत्राची वीज तोडून फक्त पंप चालू ठेवला आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा टिपकागद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डाजवळच्या एका कागदावर नखाएवढा ओला डाग होता! जोडातली रबरी कडी बसताना चिमटली होती. ती बदलली, जोड हातानेच घट्ट केला आणि पुन्हा २४ तास वाट पाहिली. हे कागद कोरडे राहिले, तेव्हा कुठे अक्काने चहा टाकला.

त्यानंतरच्या मे महिन्यात त्याचे काम पुन्हा सकाळच्या आत पुरे होऊ लागले. खोली मात्र पूर्वीइतकीच तापते. ५५० वॅट शेवटी त्याच खोलीत पडतात, आणि त्या उष्णतेला दाराबाहेर घालवायला पाणी समर्थ नाही.

आपल्या घरी मुलाने किंवा मुलीने हा विषय काढला, तर आधी विचारावे की काम काय आहे. पत्रव्यवहार, अभ्यास, घरचा हिशेब यांसाठी याची मुळीच गरज नाही. चांगला पंखा पुरतो. फक्त प्रोसेसर तापत असेल, तर कारखान्यातूनच पाणी भरून आलेला बंद संच पुष्कळ स्वस्त आणि बिनघोर. पण दोन्ही चिपा तासन्‌तास राबत असतील आणि त्यांच्यावर कुणाची मिळकत उभी असेल, तर यादी करू द्यावी. खर्च काही दहा हजारांत जाईल. तेव्हा त्या यादीत रेडिएटर सर्वांत वर आहे ना, सारे धातू एका गोत्राचे आहेत ना आणि परीक्षेसाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत ना, एवढे पाहावे. रंगीत दिवे मग लावायचे तर खुशाल लावावेत, दिवाळीच आहे!