शिंपल्यातील अन्न : स्कॅलप आणि आपल्या तिसऱ्या

माझा भाचा आखाती देशातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. मागच्या खेपेस सुट्टीवर आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक फोटो दाखविला. मोठ्या पांढऱ्या थाळीत मधोमध तीन गोल, पांढरे, वरून खरपूस भाजलेले तुकडे. "मामा, हे स्कॅलप. आपल्या मुळ्यांचेच भाऊबंद. साहेब लोक चवीने खातात." गावाहून आलेली माझी मोठी बहीण, म्हणजे त्याची आई, फोटो न्याहाळून म्हणाली, "एवढ्याशा तीन तुकड्यांनी पोट भरतं होय रे?"

त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या रक्ततपासणीचा अहवाल आला होता. हिमोग्लोबिन ८.९. वय वर्षे एकोणीस. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बहिणीने मात्र ठाम सांगितले, "गोळ्या कशाला? मुळ्यांचा रस दे पोरीला." मुलीने नाक मुरडले. लहानपणी डब्यात मुळ्यांचे सुके न्यायला ती लाजत असे, हे मला ठाऊक होते. आत्याचे म्हणणे खरे की डॉक्टरांचे, हे पाहावे म्हणून मी थोडे वाचन केले. मी आहारतज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत आकडे ताडून पाहणारा माणूस, एवढाच माझा अधिकार. परंतु आहाराचे तक्ते हेही शेवटी आकडेच असतात.

प्रथम स्कॅलप म्हणजे काय ते पाहू. शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरील लाल-पिवळे चिन्ह ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी स्कॅलपचे कवच पाहिलेच आहे. तिसऱ्या, कालवे, शिनाणे यांच्याप्रमाणे हाही दोन शिंपांचा प्राणी. मात्र तो वाळूत किंवा खडकात स्वस्थ बसून राहत नाही. दोन्ही शिंपा टाळी वाजविल्यासारख्या उघडमीट करून तो पाण्यात चक्क पोहतो. त्यामुळे शिंपा मिटणारा त्याचा स्नायू चांगला जाडजूड असतो. पाश्चात्त्य देशांत बहुधा हा स्नायूच तेवढा खातात व बाकीचा प्राणी काढून टाकतात. भाच्याच्या थाळीतले तीन तुकडे म्हणजे तीन प्राण्यांचे तीन स्नायू.

अमेरिकन शेती खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम वाफवलेल्या स्कॅलपमध्ये सुमारे १११ उष्मांक, साडेवीस ग्रॅम प्रथिने आणि एक ग्रॅमहूनही कमी चरबी असते. म्हणजे तीन अंड्यांपेक्षा थोडी जास्तच प्रथिने, आणि चरबी जवळजवळ नाही. फॉस्फरस व सेलेनियम चांगले. ब-१२ हे जीवनसत्त्व सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास दिवसाची गरज भागेल इतके. लोह मात्र अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्याच तक्त्यात कच्च्या स्कॅलपच्या नावापुढे प्रथिने १२ ग्रॅम आहेत. मग शिजविल्यावर ती २० कशी झाली? शिजविल्याने प्रथिने वाढत नाहीत. मांसातले पाणी निघून जाते आणि वजन घटते. तेवढीच प्रथिने आता कमी वजनात मावतात, म्हणून दर १०० ग्रॅममागे आकडा फुगतो. तेव्हा दोन पदार्थांची तुलना करताना कच्च्याशी कच्चे आणि शिजलेल्याशी शिजलेलेच ताडावे. शिजविण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. हेच स्कॅलप पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले की उष्मांक दोनशेच्या वर जातात आणि चरबी ११ ग्रॅमच्या घरात. शिवाय काही व्यापारी स्कॅलप फॉस्फेटच्या द्रावणात भिजवून विकतात. त्याने तो पाणी शोषून जड होतो आणि त्यातील सोडियमही वाढते. गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजते, आणि रक्तदाब असलेला माणूस नकळत मीठ खातो.

आता आपल्या तिसऱ्या. रत्नागिरीकडे मुळे, सिंधुदुर्गात तिसऱ्या, रायगडकडे शिवल्या. गोव्यात तिसऱ्यांबरोबर खुबेही आवडीने खातात. ओहोटीला खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून बायका त्या वेचतात. माझ्या आईनेही वेचल्या. विकत काही आणायला पैसे नसले की भाकरीबरोबर मुळे असत, म्हणून शहरात आल्यावर आम्हाला त्यांचे नाव घ्यायलाही संकोच वाटू लागला. पण तिसरीचा केवळ स्नायू खात नाहीत, अख्खा प्राणीच खातात. म्हणूनच त्याच तक्त्यात शिजलेल्या तिसरीवर्गीय शिंपल्यांची प्रथिने १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम आहेत, आणि ब-१२ तर स्कॅलपच्या चाळीसपटीहून अधिक. या जीवनसत्त्वाच्या अभावानेही रक्तक्षय होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

लोहाची कथा वेगळी आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. जुन्या अमेरिकन तक्त्यांत शिजलेल्या शिंपल्यांचे लोह १०० ग्रॅमला सुमारे २८ मिलिग्रॅम दिलेले होते. पुढे ते सुधारून सुमारे २.८ करण्यात आले. नेमका दहापट फरक! बँकेत एवढी तफावत निघाली तर रात्री दहापर्यंत शाखा सुटायची नाही. परंतु जुना आकडा अनेक पुस्तकांतून व लेखांतून अजूनही फिरतो, आणि 'मूठभर शिंपल्या खा, रक्त भरून येईल' असे छातीठोक सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तरुण स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. एक किलो तिसऱ्या उकडून सोडविल्या तर हाती येते मूठ-दोन मुठी मांस. हिशोब ज्याचा त्याने करावा.

म्हणजे आत्या चुकली काय? पूर्ण नाही. मांस-मासळीतील लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. एवढेच नव्हे, तर ताटात थोडी मासळी असली की भाकरी-भाजीतील लोहही अधिक शोषले जाते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय मात्र याच्या उलट काम करते. रसाचेही तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे व क्षार उकडताना त्या पाण्यात उतरतात, ते ओतून देऊ नये. रेती खाली बसू द्यावी आणि वरचे निवळ पाणी कालवणात घालावे. ते मुळातच खारट असते, तेव्हा मीठ चव पाहूनच टाकावे. परंतु हिमोग्लोबिन ८.९ असताना गोळ्यांची जागा तिसऱ्या घेऊ शकत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. म्हणून हा प्रश्न एकट्या माझ्या घरचा नव्हे.

अख्खा प्राणी खाण्याचा एक तोटाही आहे. शिंपले पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे पाण्यातील घाण, रोगजंतू, कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू त्यांच्या पोटात साठतात. गावच्या स्वच्छ खाडीतले शिंपले आणि मुंबईच्या नाल्यांच्या तोंडाशी वेचलेले शिंपले एक नव्हेत. कधी समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ वाढते, ते विष शिंपल्यांत उतरते आणि उकळूनही जात नाही. १९९७ साली केरळात विळिंजम येथे शिनाणे खाऊन अशी विषबाधा झाली व त्यात माणसे दगावली. तेव्हा स्थानिक मच्छीमार 'सध्या खाऊ नका' म्हणतात तेव्हा ऐकावे. आणताना शिंपले जिवंत हवेत. उघडा शिंपला टिचकी मारून मिटला नाही तर तो टाकावा. तोंड उघडताच भांडे न उतरवता आणखी चार-पाच मिनिटे उकळू द्यावे, कारण काविळीचा विषाणू अर्धवट उष्णतेला दाद देत नाही. ज्यांना शिंपल्यांनी अंगावर गांधी उठतात, त्यांनी चवीपुरतेही खाऊ नये. संधिवाताचा युरिक ॲसिडचा प्रकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

आमच्या घरी दोन्ही चालू ठेवले. गोळ्या नेमाने, चहा जेवणानंतर दोन तासांनी, आणि बहीण होती तोवर आठवड्यातून एकदा मुळ्यांचे कालवण. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले. आत्या म्हणते मुळ्यांनी, मी म्हणतो मुख्यतः गोळ्यांनी. मुलगी काहीच म्हणत नाही, पण मागच्या रविवारी बाजारात जाताना तिनेच पिशवी काढून दिली आणि म्हणाली, "बाबा, मुळे मिळाले तर बघा."