आत्याची कुर्रर्र आणि दिल्लीचे कान

बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मराठी घरांत खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शेजारच्या आंटी विचारतात, “नाम तो प्यारा है, मतलब क्या है?” उत्तर तयार हवं ना? मग ही घ्या थोडी शिदोरी.

सई : म्हणजे मैत्रीण. शिवरायांच्या पहिल्या राणीचं नाव सईबाई. पण इंग्रजीत लिहिलं की ‘साई’ होतं आणि दिल्लीच्या शाळेत मुलीचं नाव मुलग्यांच्या यादीत जाऊ शकतं! गंमत म्हणजे उत्तर प्रदेशात गोमतीला मिळणारी एक नदीही सईच.

मल्हार : आंटींना पावसाचा राग आठवेल, आपल्याला जेजुरीचा खंडोबा. मल्ल दैत्याचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्लारी, त्याचाच मल्हार. एक नाव, दोन पत्ते.

कालिंदी : पणजीच्या काळातलं वाटतं? दिल्लीकर रोज हे नाव घेतात, तेही कालिंदी कुंजच्या ट्रॅफिकमध्ये अडकून! कलिंद पर्वतातून निघाली म्हणून यमुना झाली कालिंदी.

इरावती : नदीवरूनच आलेलं आणखी एक. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीचंच नाव लेकीला मिळालं. नुसतं ‘इरा’ ठेवलंत तरी संस्कृतात अर्थ आहे : अन्न, पेय.

मायरा : ‘शुद्ध संस्कृत, अर्थ प्रिय’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर गालात हसा. इंग्रजीतलं हे नाव फल्क ग्रेव्हिल या कवीने सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या प्रेमकवितांसाठी घडवलं. आणि राजस्थानी शेजारीण असेल तर ती आणखीच हसेल. तिच्याकडे मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामाने आणलेला आहेर!

कियारा : इटालियन ‘क्यारा’शी नातं जोडलं तर अर्थ उजळ, आयरिश ‘कियारा’शी जोडलं तर काळी. आपल्याकडे ते गाजलं सिनेमामुळे. आलिया अडवाणीने २०१० सालच्या ‘अंजाना अंजानी’तल्या नायिकेवरून ते घेतलं आणि कियारा म्हणून पडद्यावर आली.

भिकाजी, दगडू, धोंडू, केरबा : मुलं जगत नसत, तेव्हा नजर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ही नावं. मागे माया, वर कचरा. आज ती कुणी ठेवत नाही. पण दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनवर ‘भीकाजी कामा प्लेस’ची घोषणा झाली की मराठी माणूस कान टवकारतो. त्याला वाटतो बुवा, निघतात बाई! मॅडम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत, स्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवला होता.

नकुशी : या नावात मात्र माया नव्हती. ‘नको असलेली’ एवढाच अर्थ. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. त्या यादीपुढे बाकी सगळी चर्चा चैनीचीच.

ङ : पत्रिकेवरून अक्षर काढणाऱ्यांसाठी कोडं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, एकूण १०८ अक्षरं. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला येतो ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण. ठेवा बघू नाव!

नोएडा : आईबाबांच्या नावांतली अक्षरं जुळवून नाव करायचंय? तुमच्या आधी सरकारने ते केलंय. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ची आद्याक्षरं जुळली आणि १९७६ मध्ये नोएडा जन्मलं. गावाला अर्थ कुणी विचारत नाही, लेकराला मात्र जन्मभर विचारतील.

तेव्हा मोबाइलवरच्या यादीवर डोळे मिटून विसंबू नका. आपटे किंवा मोल्सवर्थचा कोश उघडा, मग नाव हिंदीत, इंग्रजीत लिहून मोठ्याने वाचून बघा. घाईचं काम नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क भरता येतं. आत्याला तेवढं थोपवून धरा.