परसातील नीरफणस

नीरफणस हा आपल्या फणसाचाच आप्त. परंतु कोकण-गोव्याच्या परसांत आढळणाऱ्या त्याच्या फळात बी नसते. ज्यास हे झाड हवे, त्याने ते बहुधा दुसऱ्याच्या झाडाच्या मुळापासून मिळवावे लागते. याची रोपे आणण्यासाठी कॅप्टन ब्लाय १७८७ मध्ये इंग्लंडहून ताहितीस निघाला. परतीच्या वाटेवर खलाशांनी बंड करून रोपे समुद्रात फेकली. दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, ती वेस्ट इंडीजला पोहोचली.

आपणांस शेजारचे परस पुरे. पावसाळ्याच्या आरंभी जुन्या झाडाचे उथळ मूळ हलकेच उघडे करून त्यास किंचित जखम करावी; तेथून धुमारा फुटतो. त्याला स्वतःची तंतुमुळे आल्यावरच तो मुळाच्या तुकड्यासह काढून सावलीत वाढवावा. येथे घाई केल्यास रोप बहुधा हातचे जाते. पाणी तुंबणारी जागा टाळावी. घाटावरच्या थंड, कोरड्या हवेत या झाडाचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे. फांद्या ठिसूळ, म्हणून घरापासून अंतर राखावे.

सालीवर चिकाचे थेंब सुकलेले दिसले की फळ पिकण्यापूर्वीच उतरवावे. तिखटमीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेले त्याचे काप आम्हांस सुरमईच्या तुकडीहून उणे वाटत नाहीत.