न दुखणारी जखम

एका वाचकाने विचारलंय : काकांची शुगर वर्षानुवर्षं ताब्यात नाही. तळपायाला रुपयाएवढी जखम झालीय, पण दुखत नाही म्हणून ते दवाखान्यात जायला तयार नाहीत. काय करावं?

आजच न्या. दुखत नाही, हाच तर त्यातला धोका.

चढी साखर मज्जातंतू निकामी करते. सर्वांत लांब तंतूंपासून सुरुवात, म्हणून आधी पायाची बोटं बधिर होतात. पण बधिरपणातून जखम कशी होते, हे कळलं ते कुष्ठरोग्यांमुळे, आणि पॉल ब्रँडमुळे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत १९१४ साली मिशनरी कुटुंबात जन्मलेला हा सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आला. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, अशी तेव्हा समजूत होती. एकदा कोठाराचं गंजकं कुलूप ब्रँडना उघडेना. एका लहानग्या रोग्याने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. ब्रँड थक्क झाले. मग फरशीवर रक्त दिसलं. किल्लीने पोराचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता! अंगात ताकद जास्त नव्हती, ‘आता थांब’ म्हणणारी वेदना तेवढी नव्हती.

पुढे अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करताना ब्रँडना मधुमेहींच्या पायांतही हेच दिसलं. चालून दमलो की आपण नकळत पाऊल जरा वेगळं टाकतो. बधिर पाय टाकत नाही. हजारो पावलं त्याच हाडावर पडतात. थेंबांनी दगडाला खळगा पडावा तशी आतली कातडी झिजते आणि वर नुसता घट्टा दिसतो.

यावरचा उपाय म्हणजे पायाला चपखल बसणारं, भार सगळ्या तळव्यावर वाटून देणारं प्लास्टर. रक्तपुरवठा ठीक असेल, तर महिनोन्महिने न भरलेली जखम पुष्कळदा सहा-आठ आठवड्यांत भरते. हे तंत्र भारतातल्या कुष्ठरोग दवाखान्यांतून अमेरिकेत गेलं. आज ‘डायबेटिक’ म्हणून खपणारी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पलही वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठीच घडली. दुकानदार हे सांगत नाहीत.

काकांचे पाय किती बधिर झालेत, ते घरी पाहता येईल. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांची ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. काकांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपलं बोट एक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहेत.

हल्ली सेन्सरवाल्या मोज्यांच्या जाहिराती दिसतात : दोन पावलांच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसचा फरक पडला की फोनवर इशारा. तत्त्व खरं आहे, नवं मात्र नाही. फुटण्याआधी कातडी तापते, हे ब्रँड तळहाताने चाचपून ओळखत. काकूंनी रोज रात्री दोन्ही तळवे नीट पाहावेत, हात फिरवून एखादी जागा गरम लागते का बघावं. त्याला चार्जिंग लागत नाही.