कुत्र्याने अन्न टाकलं, पण ती उलटीच आहे का?

उलटी होताना पोट आतबाहेर होतं, ओकाऱ्या येतात, पिवळं पित्त पडतं. पण कुत्रा नुसती मान खाली घालतो आणि न पचलेली भाकरी नळीसारख्या आकारात तशीच बाहेर पडते, तेव्हा दुखणं पोटात नसून अन्ननलिकेत असू शकतं. हा फरक डॉक्टरांना सांगितलात तर अर्धं निदान तिथेच होतं!

आपल्या सातारा-सांगलीकडे आखाडात मटणाची हाडं सर्रास कुत्र्यापुढे पडतात. ती बहुधा तीन जागी अडकतात: छातीच्या तोंडाशी, हृदयापाशी किंवा पोटाच्या अगदी अलीकडे. अशा वेळी वरून केळं, भात कोंबू नका. अन्ननलिका फाटू शकते.

जत-आटपाडीकडे मेंढरांमागे फिरणाऱ्या कारवानी कुत्र्यांच्या मालकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: स्पायरोसर्का लुपी. शेणकिडा खाल्ला की हा जंत कुत्र्याच्या पोटात जातो, महाधमनीतून वाट काढत अन्ननलिकेत गाठी करतो. त्या गाठींचा पुढे कॅन्सरही होऊ शकतो.

मांजरांचं वेगळंच. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिली तर ती नळीत चिकटून जखम करते. गोळीनंतर सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजाच.

अन्ननलिका सैल पडून फुगली असेल, तर कुत्र्याला उभं धरून भरवावं आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवावं. नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाताना अन्न बाहेर पडतानाचा मोबाईल व्हिडिओ नक्की न्या.